सतत गैरहजर सबब नाव कमी: लेकीच्या आरटीई प्रवेशाचे दहा महिने

आमच्या लेकीला यंदा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्क्यांतून पहिलीला प्रवेश मिळाला. ऑगस्ट 2024 ला पहिला कागद शोधायला घेतला आणि 16 जून 2025 ला ती वर्गात जाऊन बसली. मधले दहा महिने एक निळी फाईल आमच्या टीव्हीवर ठाण मांडून होती. आता गल्लीतल्या चार-पाच जणी येऊन विचारतात, "वहिनी, तुमचं कसं झालं ते सांगा की." तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळं क्रमानं लिहायला बसले आहे.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एक खोली आणि किचन अशा जागेत भाड्यानं राहतो. नवरा उद्यमनगरात लेथवर काम करतो. मी घरी चौथीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या घेते. लग्नानंतर समाजशास्त्रात बाहेरून एम.ए. केलं. आम्ही कुंभार, म्हणजे ओबीसी. हे सगळं सांगायचं कारण असं की आरटीईचा अर्ज नेमक्या याच गोष्टी विचारतो: राहता कुठं, कमावता किती, जात कोणती. आणि प्रत्येक उत्तराला कागद लागतो.

कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या प्रवेशवर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांची फी सरकारनं शाळेला भरून द्यायची. अल्पसंख्याक संस्थांच्या विनाअनुदानित शाळा यातून वगळलेल्या आहेत. आपल्याकडे दोन दारं आहेत. दुर्बल घटकातून जायचं तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं, तहसीलदारांच्या दाखल्यासह. जातीच्या वंचित गटातून जायचं तर जात प्रमाणपत्र हवं, तिथं उत्पन्नाची अट नाही. एक लाख ऐकायला मोठं वाटतं, पण महिन्याला साडेआठ हजार मिळवणारा माणूसही त्या रेषेच्या वर जातो. उद्यमनगरात लेथवर हात बसलेला कुठला कारागीर साडेआठ हजारात राबतो? आमच्या ओळखीतल्या दोघांनी उत्पन्न कमी दाखवून दाखला काढला. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो आकड्याचा. आम्हाला मात्र खोटं काही लिहायचं नव्हतं, म्हणून जात प्रमाणपत्राचं दार धरलं.

सुरुवात ऑगस्टात का केली तेही सांगते. आमच्या शेजारच्या मुलाचं 2024 चं सगळं वर्ष आमच्या डोळ्यांसमोर गेलं होतं. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर पंचवीस टक्क्यांचं बंधन नाही. कोल्हापूरसारख्या शहरात हा नियम लावला तर उरतंच काय! मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो बदल रद्दच केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. शेजारच्या पोराचं नाव ऑगस्टात लागलं. वर्गातल्या बाकीच्या मुलांची एबीसीडी पुरी झालेली, आणि हा दप्तर घेऊन दारात उभा. पहिल्या दिवशी तो रडत घरी आला तेव्हा मी त्याच्या आईजवळ बसले होते. त्याच रात्री नवऱ्याला म्हटलं, आपल्या पोरीचे कागद आत्तापासून बघायचे.

पहिला कागद

नवऱ्याचं जात प्रमाणपत्र काढलेलंच नव्हतं. आयटीआयला त्यानं खुल्यातून प्रवेश घेतला, पुढं कधी गरज पडली नाही. ओबीसी प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, की तुमचं घराणं तेव्हा महाराष्ट्रात होतं आणि जात ही होती. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख 1950 ची आहे, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961.) सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला. त्यावर 'हिंदू कुंभार' असं स्वच्छ लिहिलेलं. मला हायसं वाटलं. सेतू केंद्रातल्या मुलानं दाखला उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "ताई, नाव घातलंय जून 1968 ला. आठ महिन्यांनी हुकलं. ह्यांच्या वडिलांचं आणा."

म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचं. ते वारून वीस वर्षं झाली. शाळेत गेले होते की नाही हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मामंजी सही करायचे. म्हणजे गेले असतील दोन-चार दिस."

गाव पन्हाळा तालुक्यातलं. मोटारसायकलवरनं तासाभराची वाट. पहिल्या खेपेला मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. दुसऱ्या खेपेला गणपती तोंडावर आलेले, आमचीच भाऊबंदकी मूर्ती रंगवण्यात गुंतलेली, शाळेत कुणाला घेऊन जावं तर माणूस मिळेना. तिसरी खेप सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. या वेळी नवऱ्यानं शाळेला आधी फोन केला आणि गावातल्या एका निवृत्त गुरुजींना सोबत घेतलं. या दोन गोष्टी पहिल्याच खेपेला केल्या असत्या तर दोन खाडे वाचले असते. तुम्ही कराल तेव्हा आधी करा.

जुनी जनरल रजिस्टरं मागच्या खोलीत होती. लाल कापडी बांधणी, कडा कसरीनं खाल्लेल्या. खोलीत दिवा नव्हता. मोबाईलच्या उजेडात गुरुजी बोट फिरवत एकेक नाव वाचत होते, कारण त्या वर्षांच्या बऱ्याच नोंदी जुन्या मोडी लिपीत होत्या. दीड तासानं त्यांचं बोट थांबलं. "हा बघ तुझा आजेसासरा."

नाव, जात कुंभार, जन्म सन 1934, दाखल सन 1941. इयत्ता दुसरीपर्यंत. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: 'सतत गैरहजर सबब नाव कमी.'

मी ते पान बराच वेळ बघत बसले. पानावर एकोणीस नावं होती, त्यात मुली दोन. गुरुजींना प्रत्येक घर ठाऊक. मी विचारत गेले, ते सांगत गेले. हा वाड्यातला, पुढं राजाराम कॉलेजात शिकला. हा दुकानदाराचा. हा आमच्याच भावकीतला. हा मांगवाड्यातला. ज्यांच्या घरी वाडा किंवा दुकान होतं त्यांच्या शेवटच्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' किंवा 'इयत्ता पुरी'. सात जणांच्या पुढं 'सतत गैरहजर'. त्या सातांत एकाच्याही घरी स्वतःची सलग दोन एकर जमीन नव्हती.

गुरुजी म्हणाले, "पोरी, गैरहजर माणूस कुठं तरी हजर असतोयच की. ह्यो चाकावर हजर होता."

एम.ए.ला मी हे सगळं शिकले होते. शाळा विषमता नुसती पुढच्या पिढीकडं पोचवत नाही, ती विषमतेवर गुणवत्तेचा शिक्का मारून पोचवते, असं पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं मांडलं. परीक्षेत त्यावर मी चार पानं लिहिली होती. पण त्या अंधाऱ्या खोलीत त्या पाच शब्दांनी मला जे कळलं ते त्या चार पानांत नव्हतं. सात वर्षांचं पोर माती मळत होतं, कारण घरात एक हात कमी पडत होता. शाळेच्या वहीत ते गरिबी म्हणून उतरलं नाही, पोराची सवय म्हणून उतरलं. आणि ते खोटंही नव्हतं, तो खरोखरच गैरहजर होता.

ज्या मुलखात हे झालं त्याच मुलखात शाहू महाराजांनी 1917 साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. शाळेचं दार उघडून भागत नाही, पोराला चाकावरनं उठवावं लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. त्यांनी गावोगावच्या पोरांसाठी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी केली ती त्याचसाठी: राहायची आणि जेवायची सोय झाली तरच खेड्यातलं पोर शिकणार. आजेसासऱ्यांचं नाव त्या वहीत चढलं याचं श्रेय मी त्या काळाला देते. ते कमी झालं, त्याचं कारण त्या रकान्यात लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथंच उमगली आणि ती अजून टोचते. आज सरकारला आम्ही मागास आहोत याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा म्हणजे शाळेची नोंद. आजोबा दोन वर्षं तरी शाळेत गेले म्हणून आमचं काम झालं. ज्याचे आजोबा एक दिवसही गेले नाहीत तो आमच्याहून जास्त मागास, पण त्याच्याकडं कागद नाही. अशांसाठी दुसरे रस्ते आहेत: गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना 14, कोतवाल बुक, जमिनीचे जुने फेरफार. पण ते तहसीलच्या अभिलेख कक्षातनं काढायला महिने लागतात, आणि ज्याला जमीनच नाही त्याला फेरफार कुठला?

उतारा मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्यानिशी दिला, एक पैसा न घेता. मोडी नोंद असेल तर देवनागरीत करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गुरुजींनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

आचारसंहिता आणि भाडेकरार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेतू केंद्रातून अर्ज भरला. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते साध्या कागदावर चालतं, या दाखल्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे. आमच्याकडं एकानं स्टॅम्प पेपरचे पैसे आधी मागितले होते, मी नियम विचारल्यावर सोडले. अर्ज भरल्यावर चार दिवसांत, 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. कचेरीतली अर्धी माणसं निवडणुकीच्या कामाला. दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परतलो. 20 नोव्हेंबरला मतदान झालं आणि 3 डिसेंबरला प्रमाणपत्र हातात आलं. नवऱ्यानं ते देवापुढं ठेवलं. मला आतून कसंतरी झालं. आपण मागास आहोत हे सिद्ध झाल्याचा आनंद मानायचा म्हणजे काय? पण आनंद झाला होता, हे खरं.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी पुढची ओळ महत्त्वाची. रहिवासाला रेशन कार्ड, आधार, वीजबिल यांतलं काही चालतं, पण ते आपल्या नावावर आणि त्याच पत्त्याचं हवं. आमचं रेशन कार्ड गावचं, वीजबिल घरमालकांचं. मग दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला, निदान अकरा महिन्यांचा भाडेकरार लागतो, आणि तोही अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा. नोटरीचा चालत नाही. घरमालक काका चांगले आहेत, पण "नोंदणी" म्हटल्यावर घाबरले. घरफाळा वाढेल, उद्या जागा सोडणार नाहीत, सगळ्या शंका. तीन रविवार मी आणि सासूबाई त्यांच्याकडं जाऊन बसलो. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, पोरीच्या शाळेसाठी मागाय लागल्यात. करून टाका." शुल्क, मुद्रांक, एजंट मिळून 2,800 रुपये गेले, ते आम्ही भरले. ज्यांचा मालक नाही म्हणतो त्यांचं पोर अर्जाच्या आधीच बाद. असं एक घर आमच्या गल्लीतच आहे.

अर्ज, सोडत, प्रतीक्षा

14 जानेवारी 2025 ला पोर्टल सुरू झालं. पहिले दोन दिवस पान उघडतच नव्हतं. मी 18 तारखेला पहाटे पाच वाजता मोबाईलवरून भरला, सरळ झाला. अर्जाला फी नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पुरी व्हायला हवीत. आमच्या वेळी दहा शाळांपर्यंत निवडता यायच्या, घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या, मग तीन किलोमीटरपर्यंतच्या, मग त्यापुढच्या. नकाशावर आपल्या घराची खूण ठेवताना घाई करू नका. माझ्या बहिणीची खूण चुकून पलीकडच्या चौकात पडली आणि पडताळणीत अंतर जुळलं नाही म्हणून तिचा मिळालेला प्रवेश गेला. मी खूण ठेवून त्याचा फोटो काढला, नवऱ्याकडून तपासून घेतला आणि मगच अर्ज पक्का केला. एका बालकाचा एकच अर्ज. दोन भरले तर दोन्ही बाद.

निपाणीकडून आलेल्या एका ताईंचं दुःख वेगळं. त्यांच्या यजमानांचं जात प्रमाणपत्र कर्नाटकचं. परराज्यातलं इथं धरत नाहीत. निपाणी ते कोल्हापूर एसटीनं तासाभराचं अंतर, बोली एक, पण कागदाला सीमा कळते.

10 फेब्रुवारीला पुण्यात राज्याची सोडत निघाली. राज्यभरात सुमारे 1 लाख 9 हजार जागा आणि 3 लाखांवर अर्ज. निवड झालेल्यांना 14 तारखेपासून मेसेज येणार होते. मेसेजवर विसंबू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून रोज बघा. मी दिवसातनं दहा वेळा बघायचे. आमचं नाव निवड यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, एका शाळेसाठी अकरावं.

ते पाच आठवडे फार वाईट गेले. अकरावं म्हणजे पुढच्या दहांतल्या कुणाचं तरी काही बिघडलं पाहिजे. कुणाचा करार चुकला पाहिजे, कुणाचा दाखला. मी रोज संध्याकाळी मारुतीला जाते. त्या दिवसांत मागणं मागताना जीभ अडखळायची.

मार्च सरता सरता मेसेज आला. पडताळणी समितीपुढं मूळ कागद आणि दोन झेरॉक्स संच घेऊन जायचं होतं, सोबत पोर्टलवरून काढलेलं प्रवेशपत्र आणि हमीपत्र. सकाळी साडेनऊला गेलो, नंबर आला दोन वाजता. टेबलापलीकडच्या बाईंनी शाळेचा जुना उतारा हातात घेतला, नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अजून ठेवलंय शाळेनं हे? बरं केलं." बाकी काही विचारलं नाही. शिक्का बसला. ज्यांची निवड होते आणि जे मुदतीत प्रवेश घेत नाहीत त्यांचा पुढच्या फेरीत विचार होत नाही, त्यामुळं मेसेज आला की सगळी कामं टाकून जा.

खर्च विचारतात म्हणून सांगते. पेट्रोल 450, सेतू केंद्र 300, भाडेकरार 2,800, झेरॉक्स आणि फोटो 260, आणि नवऱ्याचे पाच खाडे 550 प्रमाणे 2,750. एकूण 6,560 रुपये. मोफत शिक्षणाच्या दारापर्यंत पोचायला.

दाराच्या आत

बहुतेक लेख इथं संपतात. मला पुढचं जास्त सांगायचं आहे.

फी नव्हती. पण पुस्तकं शाळा सांगेल त्याच दुकानातनं, 5,200 रुपये. गणवेश आणि बूट 3,900. आणि 'उपक्रम शुल्क' म्हणून 6,000 ची चिठ्ठी आली. मी लेखी अर्ज केला, की कायद्यानं हे शुल्क आम्हाला लागू होत नाही, शाळेनं तसं लेखी कळवावं. एक प्रत शिक्षण विभागाला. आठ दिवसांत उपक्रम शुल्क मागं घेतलं. पुस्तकांचे पैसे मात्र भरावे लागले. तोंडी भांडू नका. अर्ज द्या, पोच घ्या. शाळेचीही एक बाजू आहे: सरकार एका मुलामागं वर्षाला 17,670 रुपये द्यायचं कबूल करतं आणि ते वेळेवर मिळत नाहीत अशी शाळांची ओरड जुनी आहे. पण त्याचा वचपा पालकांवर का?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेक घरी आली आणि गप्प बसली. जेवायला बोलवलं तरी हलेना. रात्री पांघरुणात कुजबुजली, "आई, मी आलो म्हणायचं नसतंय."

कोल्हापुरात आम्ही बायका-पोरी 'मी आलो, मी जेवलो, मी जातो' असंच बोलतो. माझी आई बोलते, सासूबाई बोलतात. मी इथं 'गेले, आले' लिहिते, पण घरात माझ्या तोंडी 'गेलो'च असतं. वर्गात बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू मुलगा आहेस का?" आणि पोरं हसली. तिथं इंग्रजी नाही येत म्हणून कुणी तिला हसलं नव्हतं, इंग्रजी कुणालाच येत नव्हती. पोरं हसली ती तिच्या आईच्या मराठीला.

बोर्द्यू स्वतः फ्रान्सच्या एका खेड्यातला, पोस्टात नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा. त्यानं याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. काही घरांत बोलायची, बसायची, प्रश्न विचारायची जी रीत असते तीच शाळेची रीत, म्हणून त्या घरची पोरं शाळेत येतानाच अर्धी वाट चालून आलेली असतात. शाळा त्याला हुशारी म्हणते. बाकीच्यांना ती आधी घरची वाट विसरायला लावते.

मी दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांना भेटले. बाई तरुण आहेत, मूळच्या कोल्हापूरच्या नाहीत. मी शांतपणे सांगितलं, की इकडं मुली असं बोलतात, ही चूक नाही, बोली आहे. पुस्तकातलं वेगळं असतं हे तिला मी शिकवते, पण तिला हसू देऊ नका. बाईंना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात वर्गात विचारलं, तुमच्या घरी 'मी आलो' कोण कोण म्हणतं? अकरा हात वर झाले. त्यात फी भरणाऱ्या घरांचेही होते. लेक त्या दिवशी उड्या मारत आली. पण मी एम.ए. झालेली, दिवसा घरी असणारी आई आहे म्हणून हे झालं. शेजारची ताई सकाळी सहाला चार घरच्या भांड्यांना जाते. ती कधी जाऊन बाईंना गाठणार?

आणखी एक सल आहे. आमची पोरगी नाहीतर जिथं गेली असती ती महापालिकेची शाळा दोन गल्ल्या पलीकडं आहे. तिथल्या बाई जीव ओतून शिकवतात, मी त्यांना ओळखते. आमच्यासारखी धडपड करणारी घरं एकेक करून निघाली, की तिथं ज्यांना जायला दुसरी जागा नाही तेवढेच उरतात. आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारणारे, 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका वस्तीतल्या सगळ्या थरांतल्या मुलांनी जवळच्या एकाच शाळेत बसावं, अशी त्या आयोगाची शिफारस होती. साठ वर्षं होत आली. 'जवळ सरकारी शाळा आहे ना, मग तिथंच जा' असं 2024 च्या त्या नियमानं सांगितलं, पण फक्त आम्हाला. फी भरणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं असतं तर मी आनंदानं पोरीला तिथंच घातलं असतं. तसं होत नाही तोवर मी माझ्या पोरीला थांबवून ठेवू शकत नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं आणि त्यातून वाट सापडलेली नाही.

आता शेजारच्या ताईच्या धाकट्याचं. पुढच्या जूनला त्याची पहिली. तिच्या यजमानांचं गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, आजे-सासरे शाळेत गेले होते की नाही कुणाला माहीत नाही. मी आमच्या निळ्या फाईलमधली आमची कागदं काढून तिला फाईल दिली. भाडेकरार झाला, या वेळी काकूंनीच पुढं होऊन काकांना सांगितलं. शाळेला फोन केला आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडंच आहे आणि ते सोमवारी आहेत. पन्हाळ्याच्या गुरुजींनी गडहिंग्लजमधल्या एका मोडी जाणणाऱ्यांचा नंबर दिला. तिच्या चार घरच्या भांड्यांपैकी दोन घरं मी आणि सासूबाई त्या दिवशी सांभाळणार आहोत, म्हणजे तिचा खाडा पडणार नाही. बरोबर मोठी बॅटरी न्या, मोबाईलचा उजेड पुरत नाही. तोंडाला बांधायला रुमाल. आणि 1967 पासून सुरू करून मागं जा, पुढं नको.